रविवारचा सूत्रधार

२५ मे, रविवार

केदारचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेता का, गुडघा कसा आहे. मी म्हणालो जेवलो, घेतो, दुखतो. मग तो म्हणाला, "बरं, ठेवतो." इतक्या वेळात आमच्या कार्यालयात साधा रजेचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला नसता. इंदू गेल्याला मार्चमध्ये तीन वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच चाललं आहे. मुलगा जर्मनीत, बाप राहुरीत आणि मध्ये गुडघा.

संध्याकाळी इथून जवळच देवळालीला ओंकारच्या रोपवाटिकेत तुळस आणायला गेलो. ओंकार केदारचा शाळेपासूनचा मित्र. तो सहज बोलून गेला की गेल्या वर्षापर्यंत दर रविवारी तो आणि केदार दोन-दोन, तीन-तीन तास फोनवर असायचे. एवढं काय बोलता, म्हणून विचारलं. तर म्हणे बोलत नाही, खेळतो. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

"गोष्ट सांगनारा आमचा गेम मास्टर हुता ना काका, त्याला पोरगं झालं. बसला खेळ. दुसरा कोनी भेटंना. भेटला तर केदार उद्या चालू करंल."

"मी होतो," मी म्हणालो.

ओंकारच्या हातातली नळी चालूच राहिली, माझ्या चपला भिजल्या. "काका, तुमी?"

का नाही? उभा जन्म कार्यालय चालवलं, तीस-तीस माणसांना शिस्तीत ठेवलं. चार माणसांची गोष्ट चालवता येणार नाही? आणि तीन तास. रविवारचे तीन तास.

१ जून, रविवार

केदारचा विश्वास बसला नाही, पण नाही म्हणाला नाही. उलट रात्रीच त्याने आवाजात रेकॉर्ड करून लांबलचक निरोप पाठवला. मला त्याने आजवर पाठवलेला सगळ्यांत मोठा निरोप. जेवण गार करून दोनदा ऐकला.

म्हणतो, बाबा, सुरुवात लहान करा. एक गाव, एक संकट, तीन-चार माणसं, बास. सगळं जग पहिल्याच दिवशी उभं करू नका. प्रसंग तयार ठेवा, शेवट ठरवू नका, शेवट खेळणारे ठरवतात. कुणी काही करतो म्हणाला तर 'नाही' म्हणू नका, 'हो, पण' म्हणा. आणि फासा तेव्हाच टाकायला सांगा जेव्हा दोन्ही निकाल तुम्हाला चालणार असतील. शेवटचं म्हणजे, पहिल्या बैठकीत खेळूच नका. नुसतं बसा आणि प्रत्येकाला विचारा, गोष्टीत काय नको.

सल्ला ठीक आहे, पण पोरकट. शेवट माहीत नसताना गोष्ट सुरू करायची म्हणजे तिकीट न काढता गाडीत बसायचं. मी आजच शेवट लिहून काढला. आणि गेम मास्टर काय, गेम मास्टर? आपल्याकडे सूत्रधार हा चांगला शब्द आहे.

८ जून, रविवार

पहिली बैठक आमच्या हॉलमध्ये झाली. ओंकार आला, आणि त्याच्याबरोबर त्याचे वडील काकासाहेब, माझे सकाळच्या फिरण्यातले सोबती. ते नुसते बघायला आले होते. चहा झाल्यावर म्हणाले, "मला बी घ्या की. घरी बसून तरी काय, भिंतीच बघायच्यात." वरच्या खोलीत भाड्याने राहणारी निकिता चौथी. राहात्याची मुलगी, इथे विद्यापीठात शिकते, तोंडाने तिखट. केदार टेबलावर, म्हणजे फोन इंदूच्या मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

पात्रं ठरली. ओंकार लोहार, निकिता धनुर्धारी, काकासाहेब जादूगार ("पन म्हातारा जादूगार, मला पळायला लावू नका"). केदारला म्हटलं राजपुत्र हो. नको म्हणाला. त्याने वाटाड्या घेतला, ज्याची वाट कधी चुकत नाही असा.

मग काय नको ते विचारलं. ओंकार म्हणाला साप नको. निकिता म्हणाली, "कुनी माझं लग्न जमवायचं न्हाई. घरी तेवढं पुरे." काकासाहेबांना काहीही चालत होतं. केदारने आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उशीर नको. आम्ही पोचायच्या आधीच सगळं संपून गेलंय, असं नको."

काय हे विचित्र! उशीर नसेल तर गोष्ट कशाची? पण टिपून घेतलं.

मी माझा एकच नियम सांगितला. मेला तो मेला. ज्याचं पात्र मेलं त्याचा खेळ संपला, नवं पात्र मिळणार नाही. केदार म्हणाला, "बाबा, नवं करू द्यावं. माणसं खेळातून बाहेर पडली की येत नाहीत परत." मी म्हणालो, मग भीती कशाची उरली? तो म्हणाला, "बरं. सूत्रधार तुम्ही."

फोन बंद झाल्यावर काकासाहेब ओंकारच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल लोहारा, गाडी काढ." दोघं हसत गेले. बापलेकांनी इतकी सलगी करू नये, चारचौघांत तरी.

२२ जून, रविवार

खेळाला सुरुवात. मी राज्याची प्रस्तावना लिहून आणली होती. वंशावळ, सीमा, महसुलाची व्यवस्था, सगळं. वाचून दाखवली. काकासाहेब घोरायला लागले. केदारने चित्र बंद केलं, नेट कमी आहे म्हणाला.

मग निकिताने विचारलं, "ह्या डोंगरावर कोण दिसतंय का?" माझ्या कागदात कोणी नव्हतं. तोंडातून निघून गेलं, एक शेळीवाला आहे. मग त्याला बोलावं लागलं. मी नाकातून बोलायला लागलो, का ते माहीत नाही. शेळीवाला म्हणाला, माझी एक शेळी राजद्रोही आहे. पुढचा सगळा वेळ हे चौघे त्या शेळीची चौकशी करत बसले. ओंकार तिचा वकील झाला. आणि केदार हसला. असा हसला की त्याला खोकला आला, चष्मा काढून डोळे पुसले. इंदू गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

पण राणीचा निरोप, जिथून खरी गोष्ट सुरू होते, तो राहूनच गेला. अशाने शेवटापर्यंत पोचायचं कधी? शेळीवाल्याचा बंदोबस्त करावा लागेल.

६ जुलै, रविवार

शेळीवाला दरड कोसळून मेला. निकिता म्हणाली, "हे बरोबर न्हाई काका." मी म्हणालो, दरडीला बरोबर-चूक नसतं.

राणीचा निरोप दिला. राणी आजारी आहे, गडावर या. केदारच्या वाटाड्याला या राणीनेच लहानपणी सांभाळलं, असं मी ठरवलं आहे. ऐकून तो खूश झाला नाही, पण लगेच म्हणाला, "निघू. आत्ता निघू." आज मध्येच फोन ठेवायची घाई केली नाही त्याने. माझं बरोबर चाललं आहे.

२७ जुलै, रविवार

डोकं उठलं. माझ्या गोष्टीत हे लोक गडावर पोचतात तेव्हा राणी गेलेली असते. तिथून सूड, लढाई, राज्यारोहण, सगळं पुढे येतं. राणी जिवंत सापडली तर सगळंच मुसळ केरात. आणि हा वाटाड्या जवळची वाट शोधतो! फासा टाकला तर वीस, सगळ्यांत मोठं दान. कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. मी म्हणालो, वाट सापडली, पण पूल वाहून गेला आहे. तो म्हणाला पोहून जाऊ. मी म्हणालो पूर आहे. ओंकार म्हणाला, मी लोहार आहे, साखळी करतो. मी म्हणालो धुकं पडलं.

निकिता फासा हातात खुळखुळवत म्हणाली, "काका, आमी पोचायला नकोच हाय का तुमाला?"

मी म्हणालो, सूत्रधार मी आहे. केदार आणखी एक वाट शोधतो म्हणाला. मग आणखी एक. संपेपर्यंत तेवढंच करत राहिला.

१० ऑगस्ट, रविवार

पोचले. गडावर निशाण उतरवलेलं, पायऱ्यांवर कोणी नाही. मी मंत्री झालो. आवाज भारदस्त लावला होता. म्हणालो, "राणीसाहेब गेल्या. अग्नी दिला गेला. आपण मोठ्या कामगिरीवर होता, त्यात व्यत्यय नको म्हणून निरोप धाडला नाही."

ओंकार फोनकडे बघत होता.

केदार म्हणाला, "मंत्र्याला विचारतो. तिने माझ्याबद्दल विचारलं होतं का?"

"नाही," मंत्री म्हणाला. "त्या शांत होत्या."

मग केदार म्हणाला, आज एवढंच करू. बाकीचेही उठले. चहा तसाच राहिला, इतका चांगला आल्याचा चहा.

मला कळतं ना त्याच्या मनात काय आलं असेल. मी काही दगड नाही. पण मी सांगतो, मंत्री चुकला नव्हता आणि मीही नाही. इंदूने डोळे मिटले त्या आठवड्यात केदारच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. चार वर्षांची मेहनत. मी ठरवलं, परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही. सगळ्यांना ताकीद दिली, ओंकारलासुद्धा. परीक्षा झाली, मग फोन केला. तो तेराव्याला पोचला. त्या परीक्षेवर आज नोकरी आहे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

इंदू विचारत होती, हे खरं आहे. मी म्हणायचो, निघालाय, येतोच आहे. तेवढ्यावर तिला झोप लागायची. पण हे सगळं गोष्टीत कशाला आणायचं?

२४ ऑगस्ट, रविवार

वाटलं होतं केदार येणार नाही. आला. मी लढाईची तयारी सुरू केली, शत्रूचं सैन्य, तोफा, सगळं. तर काकासाहेब मध्येच म्हणाले, "आवो भाऊसाहेब, आधी बाईमानसाचा दहावा तर करा. मग लढाया हायेतच की."

मी म्हणणार होतो, या राज्यात दहावा नसतो. पण केदार पटकन म्हणाला, "हो. दहावा करायचा. मला करायचा आहे."

बरं म्हणालो. 'हो, पण' म्हणायला 'पण' सापडलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीमुळे एक-दोन रविवार गेले, आज दहावा झाला. आज जे झालं ते कोणी मुद्दाम केलं नाही, असं निकिता म्हणते. मला तिचं मत नको आहे.

नदीचा घाट वगैरे मी वर्णन केलं. केदारने सगळं नीट सांगितलं, भात कसा मांडला, पाणी कसं सोडलं. इंदूच्या दहाव्याला तो नव्हता, तरी त्याला सगळं माहीत आहे. कुठे वाचलं कोण जाणे. मग म्हणाला, "मी मागे सरकून बसतो. कावळ्याची वाट बघतो."

मी म्हणालो, "कावळा आला. लगेच शिवला. राणीचं मन कशात अडकलं नव्हतं."

"फासा नाही टाकायचा?"

"गरज नाही."

"बाबा, मी फासा टाकतो."

"मी सांगतोय ना, शिवला."

तेव्हा काकासाहेब बोलले. त्यांचा स्वभावच असा, मनात आलं की ओठावर. "आसं कसं भाऊसाहेब? टाकू द्या की पोराला. कावळा काय आपल्या हुकमावर येतोय व्हय? वैनींच्या येळेला न्हाई का, चिंचंवर बसून ऱ्हायला, खाली यीना. आमी सगळ्यांनी हात जोडले. ह्ये करतो, त्ये करतो म्हनलं. मी तर म्हनलं, केदारला बलावून घेतो वैनी. तुमी म्हनले येळ हुतोय, लोकं जेवायची खोळंबल्यात. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

ओंकार वडिलांना म्हणाला, "दादा, गप बसा." पण सांडलं ते भरता येत नाही.

केदारने विचारलं, "बाबा, तुम्ही मला सांगितलं होतं की लगेच शिवला."

मी सांगितलं होतं. तो तेराव्याला आला, उंबऱ्यातच त्याने पहिलं तेच विचारलं. प्रवासाने काळवंडलेला, डोळे सुजलेले. मी काय सांगायला हवं होतं? कावळा तासन्‌तास झाडावर बसून तुझी वाट बघत होता म्हणून?

मी एवढंच म्हणालो, "तुला त्रास नको म्हणून."

"आणि तिने माझ्याबद्दल विचारलं होतं?"

मी समोरचे कागद सारखे केले. पडद्यावर तो दिसत होता. त्याने टेबलावरचा फासा उचलला, बघितला आणि खिशात घातला. मग चित्र गेलं. नेट गेलं असं मी म्हणालो. कोणी हो म्हटलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज अविधवा नवमी. सकाळी गच्चीवर इंदूचं पान ठेवलं. वडे कडक झाले होते, मला जमत नाहीत. पान ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच कावळा आला, खीर सांडली, वडा घेऊन गेला.

लगेच शिवला. हे खरंखुरं लगेच. सांगायला खाली आलो, पण घरात कोण आहे?

२१ सप्टेंबर, रविवार

ठरल्या वेळी टेबल मांडून बसलो. कोणी आलं नाही. केदारला फोन केला, उचलला नाही. काकासाहेबांशी फिरायला जाणं बंद केलं आहे. सकाळी समोरून आले, मी रस्ता ओलांडला. चांगलं झालं. असल्या माणसाला घरात घेऊन मीच हात दाखवून अवलक्षण केलं.

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारी निकिता स्कूटी काढत होती. पिशवीत माझ्या फाशांची पुरचुंडी दिसली. कुठे, म्हणून विचारलं. खोटं बोलत नाही पोरगी. म्हणाली, "देवळालीला, काका. ओंकारदादाच्या नर्सरीत. केदारदादा आता गेम मास्टर हाय."

म्हणजे खेळ बंद पडलाच नव्हता. माझ्या टेबलावरून उठून गेला होता फक्त.

मी म्हणालो, ते फासे माझे आहेत, मी पुण्याहून मागवले होते. तिने पुरचुंडी माझ्या हातात दिली. "घ्या. आमी मोबाईलवर टाकू," म्हणाली आणि गेली. मी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता बसा म्हणावं मोबाईलवर. तासाभराने वाटलं द्यायला हवे होते, पण आता मागे धावत जायचं का मी?

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. एकट्याने अभ्यंगस्नान करणं म्हणजे नुसती आंघोळच. केदारचा "शुभ दीपावली" असा मेसेज आला, पणतीच्या चित्रासकट. ते चित्र मला आणखी सहा जणांकडून आलं आहे.

सकाळी काकासाहेब दारात. हातात लाडू-चिवड्याचा डबा. आत या म्हणालो नाही, तरी आले. बसले, चप्पल दाराबाहेर काढायला विसरले म्हणून परत उठून काढून आले. म्हणाले, "माझं चुकलं भाऊसाहेब. जीभ हाय, हाड न्हाई तिला. पन एक इचारू? पोराला खरं कळलं, त्यात वाईट काय झालं?"

मी म्हणालो, लाडू छान झालेत.

जाताना म्हणाले, "रईवारी या नर्सरीत. म्या केदारला इचारलंय. तो म्हनला, खेळायला यायचं आसंल तर येऊ द्या. सगळ्यांसारखं."

सगळ्यांसारखं. मी त्याचा बाप आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

गेलो. निकिताच्या स्कूटीवर मागे बसून, फासे खिशात घालून. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला, धूळ खात पोचलो. रोपांच्या जाळीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये केदार. दाढी वाढवली आहे. मी फासे स्टुलावर ठेवले, ओंकारने एक उचलून घेतला.

केदारने मला विचारलं, पात्र कोणतं? म्हणालो, वैद्य. म्हातारा वैद्य. नाव? सुचेना. तो म्हणाला, "ठीक आहे, वैद्यबुवा." मग विचारलं, "वैद्यबुवांचं घरी कोण आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "कोणी नाही. लिही."

त्याने लिहिलं.

मग नवीन माणसासाठी म्हणून नियम पुन्हा सांगितले. त्यात म्हणाला, "मेला तो मेला. नवं पात्र नाही. हा आधीच्या सूत्रधारांचा नियम आहे, तो मी बदललेला नाही."

सांगतो चांगलं. घाई करत नाही. कुणी काहीही म्हणालं तरी आधी हो म्हणतो. शेळीवाला जिवंत होता म्हणे, दरडीखाली नुसता अडकला होता. शेळीपण आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता दर रविवारी केदार माझ्याशी बोलतो. म्हणजे "वैद्यबुवा, तुम्ही काय करता?" असं विचारतो, मग मी सांगतो. तीन तास तो समोर असतो. बाबा म्हणत नाही. खेळ संपला की सगळ्यांना मिळून हात करतो आणि जातो. मधल्या दिवसांत फोन नाही. गुडघ्याचंही विचारत नाही आता.

आज दरोडेखोरांशी लढाई होती. मी झाडामागे थांबलो. काकासाहेबांचा जादूगार जखमी झाला, त्याला लढाई संपल्यावर मलम लावलं. निकिता म्हणाली, "काका, तुमचा वैद्य लई भित्रा निघाला."

भित्रा नाही. मी हिशेब केला आहे. वैद्य मेला तर माझा रविवार गेला. मग कशावर बोलणार आम्ही? म्हणून मी पुढे जात नाही. पडक्या पुलावर जात नाही, अंधाऱ्या गुहेत जात नाही, दुसऱ्याने चाखल्याशिवाय पाणी पीत नाही. इंदूने पाहिलं असतं तर म्हणाली असती, घरातही असेच होता.

७ डिसेंबर, रविवार

निकिताची धनुर्धारी नदीत पडली. अंगात बाण, पाणी वेगात. लोहार दूर होता, जादूगाराची विद्या संपली होती. काठावर फक्त मी.

केदार म्हणाला, "वैद्यबुवा, तुम्ही उडी मारली तर ती वाचेल. पण फासा टाकावा लागेल. वाईट पडला तर दोघंही जाल."

"आणि नाही मारली तर?"

"तर ती जाईल."

मी फासा हातात घेतला. निकिता नखं बघत बसली होती. काकासाहेब म्हणाले, "टाका भाऊसाहेब, पडंल चांगला." केदार थांबला होता. घाई करत नाही तो. तीन वर्षांत इतका वेळ त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नसेल.

मी म्हणालो, "मी काठावरच थांबतो."

"नक्की?"

"हो."

"बरं," केदार म्हणाला. "मग ती गेली."

ओंकार भांडायला लागला, की हा नियमच चुकीचा आहे, तिला नवं पात्र करू द्या. केदार म्हणाला, "ज्यांनी नियम केला ते इथेच बसलेत. त्यांनी मोडू म्हटलं तर आत्ता मोडू." आणि मग म्हणाला, "बोला, बाबा."

बाबा म्हणाला. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. सगळे बघत होते, काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "नियम तो नियम."

त्याने मान हलवली. "बरं, वैद्यबुवा."

निकिताने आपला कागद चार घड्या करून पिशवीत टाकला. "असू द्या काका," म्हणाली. परत येताना ती स्कूटी ट्रॅक्टरांमधून जोरात काढत होती. देवळालीचा फाटा मागे पडल्यावर माझ्या डोक्यात आलं, की मोडू म्हटलं असतं तर वैद्यालाही मरणाची भीती उरली नसती. तीही राहिली असती आणि मीही. तिला तसं सांगणार होतो, पण वाऱ्यात ऐकू गेलं नसतं.

आता ती यायची नाही. म्हणजे पुढच्या रविवारपासून देवळालीला एस.टी.ने जावं लागणार. उसाच्या गाड्यांमुळे रस्ता तुंबलेला असतो, घरून लवकर निघायला हवं. उशीर झाला तर तो थांबायचा नाही.